धाकूचा बांबू

"सरल सांग बाबा, काल तू याला बांबू लावलास का नाय?"

"लावला. मंग? शेलार हवालदारानी सांगलान, लावला."

"कवा?"

"सकालचे. पानी उतरत व्हतं तवा. पार मधल्या धारेन सोरून आयलू. मना काय म्हाईत, परत येल."

"येनारच ना! उधानाचं पानी हाय, नेतंय ते आनतंय. तूच शिकवलंस मना."

गुडघाभर चिखलात उभा राहून धाकू केणे तिवराच्या मुळांत अडकलेल्या मढ्याकडं बघत होता. मढं पालथं होतं. निळा शर्ट, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. शर्टाला उजव्या खांद्याच्या मागं दोन भोकं पडलेली, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. धाकूच्या बांबूच्या टोकाला दोन बोटांचा लोखंडी आकडा होता. जुन्या मिठागराच्या उघाडीचा, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेचा, गज तापवून त्यानं स्वतः ठोकलेला. असा आकडा त्या खाडीत दुसऱ्या कोणाकडं नव्हता. त्याची पोरगी दर्शना, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी होती, ती पुन्हापुन्हा तिथंच बघत होती.

डोंबिवलीच्या पश्चिमेला खारवली गाव आहे, त्याच्या पुढं खाडी. खाडीच्या अलीकडं एका पोलीस ठाण्याची हद्द आणि पलीकडं दुसऱ्याची. मढं अलीकडच्या काठाला लागलं की पंचनामा अलीकडच्यांनी करायचा, वारस शोधायचे, इस्पितळात खेपा घालायच्या. मग हवालदारांनी गेली तीस वर्षं एक सोय लावून ठेवलेली. उजाडताना धाकूला निरोप यायचा. धाकू होडी काढायचा, मढ्याला आकडा लावायचा आणि ओहोटीच्या धारेत नेऊन सोडायचा. पलीकडचे काही दूधखुळे नव्हते. त्यांच्याकडंही त्यांचा कोणी धाकू असणारच. एकेक मढं चार-चार दिवस दोन ठाण्यांच्या मधे शिवाशिवी खेळलेलं आहे.

दर्शना लहान असताना पोलीस घरी यायचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे, "काय धाकूशेठ" म्हणायचे. बाकीचं गाव वर्दी दिसली की दार लोटून घ्यायचं आणि ह्या घरात वर्दीला बिस्किटं मिळायची. धाकूच्या भावांनी जमिनी बिल्डरला दिल्या, बंगले बांधले, दारात गाड्या उभ्या केल्या. धाकूकडं तेवढा हा मान होता. पोलिसांत जायचं पोरीनं त्या ओट्यावरच ठरवलं.

एक दिवस धावत येऊन म्हणाली, "बाबा, भरती निघाली!"

धाकूनं खाडीकडं बघितलं. "खुली का काय तू? आता सुकती हाय, पानी उतरतंय."

मिठागराच्या बांधावर पळून पळून तिनं पायांची कातडी सोलून घेतली. नदीतला गोटा गोळा म्हणून फेकायची. उंची एकशेपंचावन्न सेंटिमीटर लागायची, मोजली तेव्हा दोन रेषा वर भरली. नऊ महिने ट्रेनिंग झालं आणि नेमणूक कुठं, तर घरापासून दोन मैलांवरच्या ठाण्यात. पहिल्या वर्षात ती गणपतीच्या मिरवणुकीला सोळा तास उभी राहिली. बेकायदा चाळ तोडायच्या बंदोबस्तात सख्ख्या चुलतभावाच्या शिव्या खाल्ल्या. आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसून हरवलेल्या माणसांचं रजिस्टर भरायला शिकली. पंधरा-पंधरा वर्षांच्या जुन्या नोंदी तशाच उघड्या पडलेल्या, ना माणूस सापडला ना मढं. पहिल्यांदा तिनं त्या वाचल्या, त्या दिवशी घरी जाऊन बापाच्या हातचं पाणी घेतलं नाही. धाकूनं विचारलं, "काय झाला?" ती म्हणाली, "काय नाय." पुढं दोघांनी तो विषय काढला नाही. धाकूला निरोप येत राहिले, तो जात राहिला. कायम व्हायला तिला अजून सात महिने होते.

आता हे पोरगं. काल संध्याकाळी खाडीपुलाच्या कठड्याला एक मोटरसायकल लावलेली सापडली. नंबरावरून मालक निघाला सॅव्हियो, वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारा, सव्वीस वर्षांचा, रविवारपासून बेपत्ता. त्याची आई बर्नाडेट, ठाणे शहरातल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातली, काल रात्री आठला आली ती पोलीस ठाण्यातल्या बाकावरच बसून राहिली. तिची तक्रार दर्शनानंच लिहून घेतली होती. शनिवारी कारखान्यातल्या सूरज नावाच्या पोराशी सॅव्हियोची मारामारी झाली होती. "त्यानीच काय केला असंल माझे पोराला," असं बर्नाडेटनं सांगितलं, ते तसंच कागदावर गेलं. निळा शर्ट हेही तिनंच सांगितलेलं.

फोन वाजला. शेलार हवालदार.

"दर्शना, पोचलीस? मोकळं कर त्याला. ओहोटी किती वाजता लागते?"

"नऊला, साहेब."

"अजून पाऊण तास आहे. धाकूशेठ आहे ना बरोबर? मग झालं."

"साहेब, हा त्या बाकावरच्या मावशींचा मुलगा आहे."



"तुला कसं कळलं? चेहरा बघितलास?"

"शर्ट बघितला. आणि खांद्याला भोकं आहेत. आकड्याची."

"म्हणून तर सांगतोय, बाई! डोकं चालव जरा. कोणी लावला आकडा? मी स्वतःला अडकवून घेऊ, का तुझा बाप आत जाणार? तुझी नोकरी अजून ओली आहे. जाऊ दे त्याला."

दर्शनानं फोन खिशात टाकला. बापाकडं न बघता तिनं पुन्हा फोन काढला आणि कंट्रोल रूमला लावला. "खारवली गाव, खाडीचा काठ, पुरुष जातीचं प्रेत, शिपाई दर्शना केणे बोलते." तिकडं नोंद झाली, वेळ पडली. आता ते मढं सरकारी झालं, ओहोटीचं राहिलं नाही.

"लाव हात," ती बापाला म्हणाली. "वर वढू."

"बांबूनं?"

"हातानं!"

दोघांनी काखेत हात घालून वर ओढलं. चामडी हाताला येत होती. धाकूनं आयुष्यात इतकी मढी हलवली, हात कधी लावला नव्हता. बांधावर आल्यावर तो बाजूला जाऊन ओकला.

शेलार हवालदार स्कूटर उभी करतानाच शिव्या देत होता. मोठे साहेब कल्याणला बंदोबस्तात अडकलेले, पंचनामा उरकून घ्या, सही नंतर करतो म्हणाले. गावातले दोन पंच धरून आणले. अक्षर चांगलं म्हणून लिहायला दर्शनाच. शेलार पंचांपासून लांब उभा राहून सांगत होता आणि ती मांडीवर पॅड घेऊन लिहीत होती. उंची, रंग, दातांची ठेवण, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस.

"लिही, अंगावर इतर खुणा दिसत नाहीत."

ती थांबली.

"लिही ना."

"डॉक्टरला दिसतील, साहेब."

"दिसू देत. डॉक्टर म्हणेल टोकदार हत्यार. तक्रारीत सूरजचं नाव आहेच, उचलू त्याला. चार दिवस ठेवू, मग बघू. तुझा बाप सुटला, तू सुटलीस, मी सुटलो. आणखी काय पाहिजे तुला?"

हे तो इतक्या सहज म्हणाला की दर्शनाला त्याचा रागही आला नाही. असंच चालत आलं असणार, तिला वाटलं. तिनं बांधावर बसलेल्या धाकूला हाक मारली.

"बाबा, मी लिवतंय. दोन भोकां, तुझे आकड्याची. नाव घालावं लागंल."

धाकूनं तोंड पुसलं. "माझा नाव त्या कागदावं हायच की गो. तुझे नावाचे मधी."

खालच्या बाजूला लेखनिकाच्या जागी तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, दर्शना धाकू केणे.

"लिव," धाकू म्हणाला. "दोनदा लिव. आनि ह्याचाबी लिव, फोन कोनी केलता ता."

शेलारचा चेहरा उतरला. पॅड हिसकायला त्यानं हात पुढं केला, पण पंचांमधला एकजण मोबाइल धरून उभा होता. त्यानं हात मागं घेतला. "सात महिने," तो दर्शनाला हळूच म्हणाला. "सात महिने आहेत माझ्याकडं. बघतो तू कायम कशी होतेस." स्कूटरला तीन किका माराव्या लागल्या, मग तो गेला.

दुपारी इस्पितळात डॉक्टरनं सांगितलं, मृत्यू बुडून. खांद्याच्या जखमांत रक्त उतरलेलं नाही, त्या मेल्यानंतरच्या. पोरगं का गेलं ते डॉक्टरला कळायचं काही कारण नव्हतं, कोणालाच कळलं नाही.

शवागाराच्या दारात बर्नाडेटनं चादर वर केली आणि बराच वेळ चेहऱ्याकडं बघितलं. मग खांदा उचलून मागून बघितला.

"बाय, ह्या काय?"

"माझ्या बापाचा बांबू, मावशी. तुमचा मुलगा कालच काठाला लागला होता. बापानं त्याला पुन्हा पाण्यात ढकललं. आमच्या हवालदारानं सांगितलं होतं."

"काल?" बर्नाडेट म्हणाली. "काल मी तुझे समोर बसलेली ना?"

"हो. पण मला आज सकाळी कळलं."

"मी बाकावर बसलेली, आनि तो पान्यान फिरत व्हता?"

बर्नाडेटनं दर्शनाच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं बघितलं, मग तोंडाकडं. मारायला उचललेला हात तिनं चादरीवर ठेवला आणि चादर नीट केली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"त्याला लागला तवा तो जिता व्हता?"

"नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"नक्की?"

"नक्की."

"मंग त्या सूरजचा नाव खोर. त्याची आय पन माझेसारखी बसंल खंय तरी."

"खोडता येत नाही, मावशी. तुमचा नवा जबाब घ्यावा लागेल."

"मंग घे! काय बघतंस?"

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. धाकू केणे यांना संध्याकाळी सहाला जबाबासाठी हजर करा, आणि शिपाई केणे यांनी उद्या साहेबांसमोर लेखी खुलासा घेऊन यावं. "जी," म्हणून तिनं फोन ठेवला. शवागाराच्या कारकुनाकडून दोन कोरे कागद मागून घेतले, पट्टी ठेवून समास आखला आणि बर्नाडेट बसली होती त्या बाहेरच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. "आधी तुमचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव."