भूल उतरली का?

ऑपरेशननंतर भूल पुरती उतरलेली नसते, तेव्हा माणसाच्या अंगात खोटं बोलायची ताकद नसते. मलकापूरच्या एका हॉस्पिटलात मी रिकव्हरी रूमची सिस्टर. पेशंटला लवकर शुद्धीवर आणायचं, लवकर चहा-पाणी द्यायचं, लवकर चालवायचं, हे माझं काम. किस्से आपोआप साठतात!

*

लोणंदचे एक व्यापारी. यांना तर भूल अजून द्यायचीच होती. ऑपरेशनच्या सकाळी फक्त पाणी किंवा कोरा चहा, म्हणजे पातळच चालेल, असं त्यांना बजावलेलं.

"काही खाल्लं?"

"न्हाई."

"चहा नुसताच घेतला ना?"

"खारी हुती संगं."

मी कपाळाला हात लावला. ते शांतपणे म्हणाले, "आवं सिस्टर, बुडवून खाल्ली. पातळच झाली की!"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं.

*

एक रिटायर्ड सुभेदार. श्वास छान, नाडी छान, पण डोळे काही उघडेनात. "आजोबा, डोळे उघडा! आजोबा!" माझा घसा बसायला आला. दाराशी उभी त्यांची बायको म्हणाली, "सुभेदार म्हना."

"सुभेदार साहेब!"

डोळे टक्क उघडले. "मगापास्नं आजोबा कुनाला म्हनत हुता?"

*

फलटणकडच्या एक ताई, पित्ताशयाचं ऑपरेशन. संध्याकाळी त्यांना चालवायला गेले.

"पडू द्या की, सिस्टर. लग्न झाल्यापास्नं हातात आयता चहा आज मिळाला."

पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होते, असं सांगून मी त्यांना उठवलं. भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेल्या. मी खूश होऊन म्हणाले, "असंच चाललात तर लवकर घरी!"

त्या जागीच थांबल्या. "मग आज एवढंच बास!"

*

आणि बापू. सत्तरीचे, आतड्याचं मोठं ऑपरेशन. भूल बंद करून बराच वेळ झाला तरी जाग नाही. डॉक्टरांनी साखर, ऑक्सिजन, अंगाची ऊब, सगळं पुन्हा तपासलं, सगळं ठीक. बायकोनं हाका मारल्या, लेकानं मारल्या. काही नाही. बायको रडायला लागली.

व्हरांड्यात सकाळपासून एक म्हातारा उभा होता. बापूंचा धाकटा भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. "मी बघू का?" म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली.

तो बापूंच्या कानाशी वाकला. "दादा, बांध तुझा. आता ऊठ रं."

मी बापूंच्या चेहऱ्याकडं बघत होते. पापणी हलली. मग दुसरी. बापूंनी भावाकडं बघितलं, मान हळूच माझ्याकडं वळवली आणि कोरड्या घशानं म्हणाले,

"सिस्टर... तुमी ऐकलं न्हवं?"