धडधडीबाबत निवेदन

हिंजवडी फाट्यावर कंपन्यांच्या बस थांबतात, तिथे मी दोन वर्षं पत्रकं वाटली. 'बारा तास राबता, नोंद आठ तासांची. जाब विचारा.' मजकूर माझा, आरोळीही माझीच. मग एका सोमवारी बसचं दार उघडलं आणि माझी छाती इतकी धडधडायला लागली की मी गठ्ठा घेऊन रसवंतीच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी फाटा यायच्या आधीच माझ्या बसमधून उतरून परत फिरले. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदय ठणठणीत आहे म्हणाले आणि एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

मी भडकले. व्यवस्था सडलेली आणि उपचार माझ्यावर?

"व्यवस्थेवर होईल तेव्हा होईल," माझ्या खोलीतली अमरावतीची मैत्रीण म्हणाली. "तू जाऊन येत काऊन नाही?"

पत्रकं वाटता आली नाहीत तर मी काय करणार होते? दुसरं काही येत नव्हतं. म्हणून गेले.

पण रिकाम्या हाताने कुठल्याही कार्यालयात जायचं नाही, ही आमच्या संघटनेची शिस्त. मी निवेदन नेलं, दोन प्रतींत. 'विषय : छातीतील धडधडीबाबत.' खाली सात मुद्दे आणि शेवटी 'आठ दिवसांत कार्यवाही न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' ती ओळ हाताच्या सवयीने आली होती. खोडावी असं मला वाटलं नाही.

स्वारगेटजवळ, दुसऱ्या मजल्यावरची खोली. दोन खुर्च्या, घड्याळ, टिश्यूचा डबा. टेबल नाही. टेबल नसेल तर माणसाने हात आपटायचा कशावर?

"पोच द्या," मी दुसरी प्रत पुढे केली. "सही, शिक्का."

बाईंनी चष्मा लावला. "शिक्का नाहीये हो माझ्याकडे. नुसती सही चालेल?"

सही केली, तारीख घातली, मग सावकाश सगळं वाचलं. "आंदोलन जिन्यात करणार का? खालच्या मजल्यावरचे शिंपी चिडतात. दुपारी एक ते चार तर नकोच."

मी विचारलं, सल्ला काय देणार. शक्यतो देत नाही म्हणाल्या.

"मग इथे करायचं काय?"

"बोलायचं. दर मंगळवारी पन्नास मिनिटं. सुरुवातीला विचित्र वाटेल, कधी घरी गेल्यावर थकायलाही होईल. इथलं बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला सांगावं लागतं. माझ्याशी जमलं नाही, तर तसं सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव देईन."

धडधड थांबेल अशी लेखी हमी मी मागितली. त्यांनी ती नाकारली, आणि का ते सांगितलं. कुठल्याही अधिकाऱ्याने नकाराचं कारण मला तोंडावर सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

"सात मुद्द्यांत कंपन्या आहेत, ठेकेदार आहेत, वाहतूककोंडीसुद्धा आहे," त्या म्हणाल्या. "बसचं दार उघडतं, तेव्हा पुढे काय होतं?"

मी भाषण ठोकलं. टाळी नाही, हरकत नाही, चहा नाही. नवव्या मिनिटाला मुद्दे संपले. सभेत इतकी शांतता झाली की आम्ही माईक तपासतो. इथे तपासायला काही नव्हतं.

"ते पत्रक घेतात," मी शेवटी म्हणाले. "माझ्याकडे बघत नाहीत. दोन पावलं जाऊन टाकतात. बस गेली की मी वाकून गोळा करते. दोन वर्षं मी माझीच पत्रकं उचलतेय."

आणि रडले. डबा बरोबर माझ्या हाताशी ठेवलेला होता, म्हणजे हे सगळं पूर्वनियोजित होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"हो," बाई म्हणाल्या. "घ्या अजून."

पाच मंगळवार झाल्यावर मी पुन्हा फाट्यावर उभी राहिले. दार उघडलं, छाती धडधडायला लागली. पहिल्याने पत्रक घेतलं, माझ्याकडे न बघता टाकलं. मी वाकले नाही, दुसरं पुढच्याला दिलं.

"ओ ताई, ह्यो कचरा कोण उचलणार हाय?" झाडूवाल्या मावशींनी मागून विचारलं.

त्यांचा मुद्दा कामगारहिताचा होता, त्यामुळे मला विरोध करता येईना. "मीच," मी म्हणाले. "पण आधी वाटून होऊ द्या."

मावशी झाडूवर हात टेकून थांबल्या. पुढची बस आली. धडधड चालूच होती, आणि गठ्ठा अर्ध्यावर आला होता.