परसोंचा डाव

बरकतपुऱ्यात हिम्मतरावांचं घर शोधायचं असेल तर नावानं विचारू नका, कुणी सांगणार नाही. ‘फौजवाले’ म्हणा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मान वर न करता बोट दाखवील. नवा वॉचमन तर त्यांना रिटायर कर्नल समजून सलाम ठोकतो, आणि हिम्मतरावही किंचित मान झुकवून तो घेतात. आता गंमत अशी, की या गृहस्थांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात स्टोअर सांभाळण्यात चौतीस वर्षं गेली, आणि घरात उंदीर निघाला तर आधी पलंगावर चढतात ते हेच. पण फौज मात्र आहे. तीनशे बारा शिपाई, सव्वीस घोडे, चार हत्ती, सहा तोफा. सगळ्यांत उंच हत्ती करंगळीएवढा.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला पस्तीस वर्षं झाली. आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथे छोट्या शिपायांच्या लढाया टेबलावर कशा खेळायच्या याचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक पडलं होतं. हिम्मतरावांनी त्याचं एक टोक धरलं, आणि दुसरं टोक धरलं नांदेडहून बँकेच्या नोकरीसाठी आलेल्या एका किडकिडीत माणसानं. दोघांपैकी कुणी सोडीना. शेवटी पुस्तकवालाच वैतागून म्हणाला, “मियाँ, दोनों भाई मिलके लेलो ना.” दोघांनी मिळून घेतलं. एक महिना बरकतपुऱ्यात, एक महिना नल्लकुंट्याला. तो किडकिडीत माणूस म्हणजे अरविंद.

पुस्तकात परदेशातल्या लढाया होत्या. त्या यांना काय कामाच्या. यांनी खर्डा निवडला: एका बाजूला पेशव्यांचे मराठे, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम. आणि निजाम कोण, तर हिम्मतराव.

“अरे, मराठा असून निजामाकडून?” पहिल्याच दिवशी अरविंदनं विचारलं होतं.

“पाणी कुठलं प्यायलो? निजामाच्या उस्मानसागरचं. मग?”

शिपाई घरीच ओतले, प्लास्टरच्या साच्यात शिसं वितळवून. रंगवायला तीन केसांचा ब्रश. निजामाच्या एका पलटणीचे डगले इतके झकास लाल निघाले, की अरविंदनं रंगाचं नाव विचारलं. नाव हिम्मतरावांना माहीत नव्हतं, पण त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोची, कुसुमताईंची, नेलपॉलिशची नवीकोरी बाटली हरवली होती. मोजायला शिंप्याची टेप, नशीब ठरवायला फासा. पायदळ चार इंच, घोडा आठ. चिखलात रुतलेली तोफ बाहेर काढायची तर फाशावर सहाच पडायला हवेत. नदीवर उस्मानिया बिस्किटाचा पूल टाकत, आणि लढाई रंगली की तो पूल कुणीतरी चहात बुडवून खाऊन टाकी. मग माधवी, म्हणजे हिम्मतरावांची लेक, आणि अरविंदची स्वप्ना, या दोघी चिमुरड्या बाजूला सापशिडी मांडून बसत आणि आपल्या सोंगट्या घाबरलेल्या निजामाला कुमक म्हणून पाठवत. काय दिवस होते. आता त्यांतली एक बंगळूरला आहे, दुसरीला बापाच्या औषधांची वेळ सांभाळावी लागते.

खर्डा अकरा वेळा झाला. निजाम अकरा वेळा हरला.

बारावा डाव गेल्या फेब्रुवारीत मांडला, आणि काय चमत्कार झाला कुणास ठाऊक, पण निजाम जिंकायला लागला. अरविंदची सगळ्यांत मोठी तोफ टेकडीवर चढायच्या आधीच पायथ्याच्या चिखलात रुतली. हिम्मतरावांचे लाल डगलेवाले तिच्यापासून चार इंचांवर. पुढची पाळी अरविंदची. तो म्हणाला, “आता उशीर झाला मियाँ. रविवारी बघतो तुझ्याकडं.” आणि शुक्रवारी त्याला पक्षाघाताचा झटका आला.

तेव्हापासून अकरा महिने हिम्मतरावांच्या हॉलमधलं ते टेबल चादरीखाली होतं. पाहुणे आले की दिवाणावर मांडीला मांडी लावून जेवत, पण टेबल हलत नव्हतं. लोक म्हणत, पहिल्यांदा जिंकतायत, कसे सोडतील. चारचौघांत कुसुमताईही तसंच म्हणत. खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी फक्त कुसुमताईंनाच सांगितलं होतं. मे महिन्यात ते नल्लकुंट्याला भेटायला गेले, तेव्हा अरविंद त्यांच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “या साहेब. बसा.” पस्तीस वर्षांत पहिल्यांदा साहेब. हिम्मतराव दहा मिनिटं साहेबासारखे बसले, चहा प्यायले आणि आले. पुन्हा गेले ते दारातूनच फळं देऊन परतले.

अरविंदला आता काही आठवत नाही, असंच डॉक्टरांचंही म्हणणं होतं. हे डॉक्टर नुकतेच उत्तरेकडून आलेले. त्यांनी विचारलं, आजारी कधी पडलात? अरविंद म्हणाला, परसों. रिटायर कधी झालात? परसों. लग्न? परसों. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, काळाचं भान नाही. आता हैदराबादेत कुणालाही विचारा. इथे काल सोडून मागचं सगळं परसोंच असतं, चारमिनारसुद्धा परसोंच बांधलेला. पण ते डॉक्टरांना कोण सांगणार, आणि खरंच भान नसेल तर, ही धास्ती स्वप्नालाही होतीच.

जानेवारीत तिचा फोन आला. “हिम्मतकाका, फिजिओवाला बोलला बाबांना बाहेर नेऊ शकतो. ते रोज एकच बोलतायत, परसोंचा डाव राहिलाय. मला समजेना कुठला डाव. रविवारी तुमच्याकडं घेऊन येऊ?”

“आण,” हिम्मतराव म्हणाले. फोन ठेवून चादरीचं टोक उचलून त्यांनी आत बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. अरविंदला ओळख पटली तर या टेबलावरच पटेल, अशी त्यांची समजूत.

आणि शनिवारी कुसुमताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

हळदीकुंकवाला पुरुषमाणसानं घरात लुडबुडू नये म्हणून हिम्मतरावांना चार वाजताच बाहेर काढलं. ते जाऊन काचीगुडा स्टेशनच्या बाकावर गाड्या मोजत बसले. इकडे समोरच्या फ्लॅटमधल्या त्रिवेणीगारू (तेलुगूतलं ‘गारू’ म्हणजे आपलं राव-ताई) आल्या. तेलुगू घरांतून संक्रांतीला बोम्मल कोलुवु मांडतात, म्हणजे पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या. त्रिवेणीगारूंच्या घरचा तर सात पायऱ्यांचा. कुसुमताई स्वयंपाकघरात तिळगुळाची ताटं भरत होत्या. त्रिवेणीगारूंनी चादर थोडी उचलली आणि त्यांचा जीव कळवळला. एवढ्या सुंदर बाहुल्या, आणि अर्ध्या आडव्या पडलेल्या.

मनानं फार चांगली बाई. अर्ध्या तासात त्यांनी दिवाणाखालून व्यापार, लुडो आणि सापशिडीचे खोके काढून टेबलावर तीन पायऱ्या केल्या, वर चादर घातली आणि उंचीप्रमाणे फौज लावली. वरती हत्ती, मध्ये घोडे, खाली शिपाई, निजामाचे आणि पेशव्यांचे खांद्याला खांदा लावून. मेलेले सगळे उठून उभे. प्रत्येकाला कुंकवाचा ठिपका, मोठ्या तोफेच्या तोंडात शेवंतीचं फूल. कुसुमताई ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा सगळ्या बायका हळदीकुंकू वाहून मोकळ्या झाल्या होत्या.

हिम्मतराव सातला परतले. दारातच थांबले. मग म्हणाले, “ही युद्धबंदी कुणी केली?”

“अहो, ओरडू नका त्यांना. प्रेमानं केलंय.”

“ओरडतोय कुठं. लढाई थांबवायला शेजारीणच लागते, एवढंच म्हणतोय.”

रविवारी पहाटे उठून ते कामाला लागले. कागदावर काही टिपलेलं नव्हतं, पण त्यांना लागतं कशाला. प्रत्येक शिपाई कुठे उभा होता आणि कुठे पडला होता, हे त्यांना पेन्शनच्या नंबरपेक्षा पक्कं पाठ. खोके काढले, हिरवं कापड ताणलं, टेप लावून टेकड्या बसवल्या, ओल्या कापसानं तीनशे कपाळं पुसली. मेलेल्यांना पुन्हा आडवं केलं. सगळ्यांत शेवटी ती मोठी तोफ हातात राहिली. ती पायथ्याच्या चिखलाकडे गेली, जरा थांबली, आणि टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसली. तिथून अरविंद पहिल्याच पाळीत निजामाचा फडशा पाडू शकला असता.

कुसुमताई चहा घेऊन उभ्या होत्या. “तोफ चिखलात होती ना? अकरा महिने रोज ऐकतेय मी.”

“आजारी माणूस आहे. लक्षात यायचं नाही त्याच्या.”

“तुमच्या लक्षात आहे ना पण.”

हिम्मतरावांनी चहा फुंकला. फौजेवर पुन्हा चादर पांघरली.

अकराला स्वप्ना अरविंदला हात धरून घेऊन आली. उजवा हात लुळा, पाऊल फरफटत. खुर्चीत बसून त्यानं खोलीभर नजर फिरवली. हिम्मतरावांकडे बघून हसला, तेच मे महिन्यातलं हसू. “नमस्कार साहेब,” तो जड जिभेनं म्हणाला.

हिम्मतरावांनी नमस्कार केला आणि चादर काढली.

अरविंद पुढे वाकला. शिपायांवरून, नदीवरून, आडव्या पडलेल्यांवरून नजर सावकाश फिरली. टेकडीवर येऊन अडकली. कपाळाला आठी पडली. डावा हात उचलला, तोफ पकडताना दोनदा घसरली, तिसऱ्यांदा उचलली आणि पायथ्याच्या चिखलात नेऊन ठेवली.

“इथं होती,” तो म्हणाला. “परसों. मियाँ, चीटिंग नक्को.”

स्वप्नानं तोंड फिरवलं. हिम्मतरावांनी तोफ चिखलात आणखी जराशी रुतवली.

“हौ. चुकलो.”

“माझ्याच फायद्याची चीटिंग. मला आजारी समजला काय?”

“नाही रे बाबा. हत्तीच्या कपाळावर कुंकू राहिलंय बघ, ती सगळी वेगळीच भानगड झाली. तू फासा टाक. सहा लागतात.”

“माहीत आहे.”

अरविंदनं डाव्या हातानं फासा टाकला. सवय नव्हती त्या हाताला. फासा टेबलावरून उडाला आणि थेट दिवाणाखाली गेला. एकाला वाकता येत नव्हतं, दुसऱ्याचे गुडघे दुखत होते. कुसुमताई टॉर्च घेऊन खाली बसल्या, बघितलं, फासा मुठीत घेऊन उठल्या.

“सहा,” त्या म्हणाल्या, आणि चहाचे कप गोळा करून आत गेल्या.

तोफ बाहेर निघाली. दीड तासात निजाम बाराव्यांदा हरला, आणि हरलेला निजाम संध्याकाळी गेटवर वॉचमनचा सलाम असा छाती काढून घेत होता, की जिंकलेल्यालाही जमणार नाही. तेराव्या डावाची तारीख ठरली आहे. अरविंदला विचारलं तर तो म्हणतो, परसों.

दिवाणाखाली खरं काय पडलं होतं, ते कुसुमताईंनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. एक त्रिवेणीगारू सोडून. म्हणजे आता सगळ्या बरकतपुऱ्याला ठाऊक आहे, की फाशावर दोन होते. हिम्मतराव तेवढे राहिलेत.