रियालाचे चार चिरे

जगातल्या कुठल्याही वस्तूची खरी किंमत आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतकी कुणालाच कळलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. मस्कतला येणारा नवा माणूस पहिलं वर्षभर प्रत्येक वस्तूचे रियालाचे रुपये करतो, हळहळतो आणि मग कंटाळून सोडून देतो. मीही वसईहून आलो तेव्हा टोमॅटोसमोर उभा राहून गुणाकार केले आहेत. चाचांचा गुणाकार अजून चालू आहे, फक्त रुपयांवर त्यांचा भरवसा नाही. ते रियालाचे चिरे करतात. रत्नागिरीकडच्या त्यांच्या खाडीकाठच्या गावात गेली अठरा वर्षं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं घर बांधणं चालू आहे, आणि इथल्या रुवी भागातल्या स्पेअरपार्टच्या दुकानातला त्यांचा जवळजवळ सगळा पगार त्या घरात जातो. म्हणून एक रियाल म्हणजे चार चिरे. गावच्या खाणवाल्याने भाव वाढवला की चाचांचा दर बदलतो, आणि जिन्यात भेटेल त्याला तो ऐकून घ्यावा लागतो.

एकदा मी त्यांना मॉलमध्ये दोन रियालाची कॉफी पाजण्याचा गुन्हा केला. त्यांनी ती औषधासारखी संपवली आणि कपाच्या तळाशी बघत म्हणाले, "आठ चिरे. अरे, आठ चिऱ्यांत न्हाणीघराची पायरी होते, नि आपण ती फुंकून प्यालो!" खोलीत एसी लावणं म्हणजे तर त्यांच्या लेखी बांधलेली भिंत पाडणं. भर उन्हाळ्यात दर शुक्रवारी नमाज आटोपून ते जवळच्या हमरिया भागातल्या सुपरमार्केटात जातात आणि दह्याच्या थंडगार कपाटासमोर उभे राहून एकेका डब्यावरची बारीक अक्षरं वाचतात. "कौनसा चाहिए?" असं तिथल्या माणसाने शेवटी विचारलंच. "अभी सोच रहा हूँ," चाचा म्हणाले. हा विचार तीन उन्हाळे चालला आहे. इंग्रजी शाळेमुळे मराठीत अडखळणारी माझी मुलगी हा एक शब्द मात्र पक्का शिकली. "पप्पा, धिस पिझ्झा किती चिराज?" असं ती चारचौघांत विचारते.

पण त्यांना कंजूष म्हणाल तर मी भांडेन. माझी नोकरी गेली होती तेव्हा चार महिने हा माणूस तांदूळ नि मासे आमच्या दारात ठेवून जायचा. त्याचे चिरे किती झाले, असं मी गमतीने विचारलं, तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "दुसऱ्याच्या ताटाचे चिरे करतात काय रे?"

या सगळ्यात मस्कत पाहायचं राहिलं होतं ते गावाकडे राहणाऱ्या चाचींचं. व्हिसा, विमान आणि फिरणं मिळून घराभोवतीच्या दगडी कुंपणाएवढे, म्हणजे गडग्याएवढे, चिरे होत, म्हणून "गडगा होऊ दे, मग बोलावतो," असं चाचा दरवर्षी सांगत. गेल्या वर्षी गडगा कमरेइतका वर आला. ते कळलं त्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो होतो आणि फोन स्पीकरवर होता. चाची म्हणाल्या, "गडगा कशाला घालता? आत मी एकटीच हाय. मला कोण चोरून नेणार?"

चाचा दोन दिवस कुणालाही भाव सांगेनात. तिसऱ्या दिवशी ते खाली आले आणि मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "तिकीट काढ. एकशेवीस चिरे लागले तरी काढ."

चाची तीन आठवडे राहिल्या. एसी तीन आठवडे चालू होता. मी दोघांना निझव्याला नेलं, तिथल्या बाजारात चाचींनी हलव्याचा डबा उचलून किंमत विचारली. "बारा चिरे," चाचांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. चाचींनी क्षणभर विचार केला. "मग दोन घ्या," त्या म्हणाल्या, आणि चाचांनी निमूटपणे दोन घेतले. परतताना ते दोघं गाडीत मागे बसून डब्यातला हलवा बोटाने खात होते. चाचांना इतकं तरुण मी कधी पाहिलं नव्हतं.

या मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा चाचांचं पार्सल घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. घर देखणं आहे, खोल्या सहा आणि राहणारं माणूस एक. गडगा सगळीकडून पुरा झालाय, फक्त समोर एका जागी चिरे नाहीत. तिथेच चाची खुर्ची टाकून बसल्या होत्या. "एवढे चिरे मी मस्कतला खाल्ले," त्या हसून म्हणाल्या. मग समोर हात करून, "त्यांना सांग, हे बुजवू नका. इथनं एसटीचा रस्ता दिसतो."

परत आल्यावर मी चाचांना हे सांगितलं. किती चिरे लागतील ते आता सांगतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"केवढी जागा उघडी हाय?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवले.

"एक माणूस बॅग घेऊन आत शिरेल ना?"

"शिरेल, चाचा," मी म्हणालो.