बेटावरच्या नर्सबाई

आम्ही रिटायर नर्सा भेटलो की आधी गुडघ्यांची विचारपूस होते. मग कुणीतरी म्हणतंच, "तुझ्या बेटाचं सांग ना!" एक किस्सा सांगायला घेतला की मागे चार उभे राहतात.

बेट म्हणजे काय, तर साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरात, दोन नाल्यांच्या मधे अडकलेलं गाव. पावसाळ्यात रस्ता बंद. नव्वद सालच्या आसपास मी तिथल्या उपकेंद्रात होते. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून तीन वर्षांची मुलगी धुळ्याला माझ्या आईकडे ठेवलेली. हात कामात असायचे, जीव मात्र धुळ्यात. डोक्यात एकच, बदली.

*

पूर आला की गावातला भाऊ नावाचा गडी ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून माणसं पलीकडे न्यायचा. एकदा मी लसींचा डबा घेऊन आले. त्यानं डबा ट्यूबवर ठेवला, दोरीनं बांधला, आणि मला म्हणाला, "तू पान्यातून चाल."

"अरे, मी?"

"डबा वला व्हई ग्या तं लस वाया जाई. तू तं सुकी जाशी."

कंबरभर पाण्यातून गेले. काय करणार, त्याचं खरंच होतं.

*

गरोदर बायांना मी लोहाच्या गोळ्या द्यायचे. एका अक्काच्या सुनेचं रक्त काही वाढेना. घरी जाऊन चौकशी केली, तर अक्का मला परसात मिरचीच्या रोपांपाशी घेऊन गेली.

"गोया मिरचीले टाक्यात. देख, मिरची कशी लाल शे!"

त्या दिवसापासून सुनेनं गोळी गिळेपर्यंत मी समोरून हलत नसे. मिरची मात्र अक्कानं पिशवी भरून दिली.

*

दिवाळीला धुळ्याला गेले. मुलगी आजीच्या पदराआड लपली. मी हात पुढे केले तर म्हणते, "सुई देणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू?

*

सुट्टी संपताच आरोग्य खात्याचं ऑफिस गाठलं. क्लार्क म्हणाला, "अर्जानं काही होत नाही सिस्टर. गावाची तक्रार आली तर आठवड्यात बदली."

तशीच सरपंच नानांकडे गेले. म्हटलं, "नाना, माझी पोर मला ओळखत नाही. माझ्याविरुद्ध एक कडक तक्रार लिहा."

नाना म्हणाले, "लिखस." दोन दिवसांनी बंद पाकीट दिलं, वर पंचायतीचा शिक्का. मी ते छातीशी धरून पहिल्या एस.टी.नं निघाले.

ऑफिसातल्या साहेबांनी पाकीट माझ्यासमोरच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं :

"ही बाई फार वाईट आहे. घरात घुसून गोळ्या गिळायला लावते. म्हाताऱ्यांवर ओरडते. आमच्या बाया आता नवऱ्याला उलट बोलतात. तरी साहेबांना हात जोडून विनंती, की अशी बाई दुसऱ्या कोणत्याही गावाला पाठवू नये. त्यांना त्रास होईल. आम्हाला सवय झाली आहे, आम्ही सोसून घेऊ."

खाली सगळ्या गावाचे अंगठे.