निकाली न निघालेली अपिलं

आमच्या अपील न्यायालयात आकडेवारीच्या टेबलावर ताई बसत. पाठीमागे सगळे त्यांना ‘रकानाबाई’ म्हणत. शेजारच्या टेबलावर मी सहा वर्षं काढली. इतकं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

वर्षभरात किती अपिलं आली, किती निकाली निघाली, किती पडून राहिली, याचा तक्ता ताईंच्या सहीने वर जाई. निकाली म्हणजेही सरसकट नाही. न्यायाधीशांनी ऐकून निर्णय दिला तो एक रकाना, पक्षकाराने मागे घेतलं तो वेगळा. एखादं अपील भलत्या रकान्यात पडलं की ताई दिवसभर जेवत नसत. आम्ही हसायचो.

यंदा नवे रजिस्ट्रार आले. दहा वर्षांहून जुनी चारशे बारा अपिलं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी युक्ती काढली. प्रत पुसट आहे, पान कमी आहे, अशी खुसपटं काढून अपील परत करायचं, ते ‘निकाली’त धरायचं आणि आठवड्याने नव्या क्रमांकाने दाखल करून घ्यायचं. बारा वर्षांचं अपील पुन्हा तान्हं! महिन्याभरात सगळी जुनी अपिलं अशी फिरवून झाली आणि तक्ता ताईंपुढे आला.

“सही करा, ताई. नुसता रकाना तर बदलतोय. हेडक्लार्कची जागा तुमचीच आहे.”

“या लोकांचं कुणी ऐकून घेतलंय का, साहेब? नाही ना? मग ती निकाली नाहीत.”

“मग जा तळघरात, रेकॉर्ड सांभाळा.”

“जाते की. सही मात्र मिळायची नाही.”

डबा आणि चष्मा उचलून ताई निघाल्या. मी फायलीत तोंड खुपसून बसलो होतो. स्वतःची लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी तक्ता सहीसाठी माझ्यापुढे आला. दहा वर्षांहून जुनी अपिलं : शून्य. माझी बढती तोंडावर आलेली. तरी मी पट्टी घेतली आणि एक नवा रकाना आखला : ‘न ऐकता परत करून पुन्हा दाखल : चारशे बारा’. मूळ तारखांची यादी जोडली, सही ठोकली आणि तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब लालबुंद झाले.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“मोजता येतं मला, साहेब.”

तसाच तळघरात गेलो. छाती फुगवून ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“चारशे बारा? अरे, त्यातलं एक परत करण्याआधीच पक्षकाराने मागे घेतलं होतं, ते वेगळ्या रकान्यात. चारशे अकरा हवीत. खोटा आकडा नको आपल्याकडून. जा, दुरुस्त करून ये.”

मी पुन्हा वर गेलो आणि साहेबांचं दार वाजवलं.