पहिलं नाव बादलचं

आमच्या शेजारच्या राठोड साहेबांच्या बैठकीत, दारातून आत पाऊल टाकलं की समोरच, एक रिकामा खिळा आहे. त्या खिळ्यावर आठ वर्षं एक फ्रेम होती. आत वर्तमानपत्राचं कात्रण, साहेबांचा टोपीतला फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा : ‘ठाणेदार मामाने भाच्यावरच नोंदवला गुन्हा’. पाहुणा आला की चहा येईपर्यंत ते वाचायचा, आणि साहेब तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे. फ्रेम आता नाही. खिळा मात्र कुणी काढला नाही. हळदीकुंकवाला गेले की माझी नजर तिथं जाते, आणि साहेबांच्या बायकोची, संगीताताईंचीही.

नेमसिंग खेमसिंग राठोड हे बोरी अरबजवळच्या एका तांड्यातले. पणजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घरची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवत. पुढे चार एकर जमीन झाली आणि बैल वखराला लागले. आईवडील कामाला गेले की घरी जमनी, साहेबांची सहा वर्षांनी मोठी बहीण. तिचं नाव दुसरीतून कमी झालं ते या भावाला सांभाळायला. तो शाळेत जायला लागल्यावर मधल्या सुट्टीत ती तीन किलोमीटर चालत त्याची भाकर घेऊन जायची. सकाळीच बांधून का देत नाही, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाली होती, “गरम खाल्ली तर डोक्यात जाते, गुरुजी. थंडी नुसती पोटात जाते.”

ही गोष्ट साहेब प्रत्येक वेळी हसत सांगायचे. आता सांगत नाहीत.

अठ्ठ्याऐंशी साली ते शिपाई म्हणून भरती झाले. यवतमाळला मुख्यालयात पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्यांना ऐकवलं, “तांड्याचा पोलीस तांड्यावरच्याच चोऱ्या झाकन.” बोलणारा हसला, बाकीचेही हसले, साहेबही हसले. पण माझ्या मते ते वाक्य त्यांच्या पाठीत काट्यासारखं मोडून राहिलं. पुढे पस्तीस वर्षं त्यांनी काय काय केलं त्यातलं निम्मं त्या वाक्याला उत्तर म्हणूनच केलं.

माणूस कामाचा होता. खात्याची परीक्षा तीनदा दिली, तिसऱ्यांदा फौजदार झाले. कळंबला चिंतामणीच्या यात्रेचा बंदोबस्त असला की शिपायांची जेवणं झाल्याशिवाय हे डबा उघडत नसत. तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी खुर्ची, मग पाणी, मग प्रश्न. कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, म्हातारा आला तर त्याच्या बोलीतले चार शब्द बोलून त्याची भीती घालवायचे. संगीताताई मात्र म्हणायच्या, “लोकाइले खुर्ची देते माणूस, घरच्याइले उभं ठेवते.” अंजूच्या, त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, कॉलेजच्या प्रवेशासाठी साहेबांनी साधा फोनसुद्धा केला नाही. रांगेत संगीताताई आणि मी उभ्या होतो.

आता एक रीत सांगते, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे. त्यांच्याकडे सासरी गेलेली बहीण भावाला बऱ्याच दिवसांनी भेटली की त्याच्या गळ्यात हात टाकते आणि सूर लावून रडते. त्या रडण्यात शब्द असतात. मागच्या भेटीपासून जे झालं ते सगळं : सासू गेली, म्हैस आटली, तुझी आठवण आली, तू का नाही आलास. भावाने मधे बोलायचं नसतं. नुसतं उभं राहायचं. रडणं संपलं की पदराने तोंड पुसून ती म्हणते, “बस, पाणी घे,” आणि मग साध्या गप्पा सुरू होतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून भिंतीवरून डोकावले होते. कोण गेलं म्हणून! साहेब म्हणाले, “कोणी गेलं नाही, वहिनी. माही बहीण आली. ह्या रडन्याशिवाय मले भेटल्यासारखं वाटतच नाही.”

दोन हजार चौदाच्या शेवटी साहेब ठाणेदार झाले. स्वतःचा तालुका मिळत नाही, पण मिळालेल्या ठाण्याच्या हद्दीत जमनाबाईंच्या सासरचा तांडा होता. रुजू होऊन तीन महिने झाले तरी त्यांना बहिणीकडे जाणं जमलं नव्हतं. आज बंदोबस्त, उद्या बैठक. आणि मग होळी आली.

धुळवडीला तांड्याची पोरं आणि शेजारच्या गावची पोरं यांच्यात रस्त्यावरून जुंपली. काठ्या निघाल्या. गावच्या एका पोराच्या डोक्याला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याचे नायक आणि गावचे मारोतराव पाटील चावडीसमोर बसले, दोन्हीकडच्या पोरांना समोरासमोर उभं केलं, माफी झाली, एकमेकांच्या तोंडात गूळ घातला गेला. मारोतराव ठाण्यात येऊन म्हणाले, “साहेब, आमचं मिटलं. पोरंसोरं हायत.” तेवढ्यात भांडणाची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली होती आणि वरून फोन आला होता. गुन्हा दाखल करणं भाग होतं.

चित्रफितीत, एका कोपऱ्यात, दोन सेकंद, बादल दिसत होता. जमनाबाईंचा मुलगा. हातात काठी. त्याने तीनच आठवड्यांपूर्वी पोलीस भरतीची मैदानी पार केली होती. सोळाशे मीटर धावून आल्यावर पहिला फोन त्याने मामाला केला होता.

बादल आपण होऊन ठाण्यात आला. “मामा, काठी माही नव्हती. बंटीच्या हातची हिसकून घेत होतो. नीट पाहा ना तुम्ही.”

साहेबांनी पाहिलं. एकदा नाही, चारदा. त्यांना दिसलं. दिसूनही ते म्हणाले, “जे सांगाचं ते कोर्टात सांग.”

अकरा नावं होती. लिहिणाऱ्या हवालदाराने हळूच विचारलं, “साहेब, हे नाव शेवटी टाकू?”

“पहिलं टाक,” साहेब म्हणाले.

त्याच दुपारी जमनाबाई ठाण्यात आल्या. पायात चपला नाहीत, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. साहेब बाहेर आले तशा त्या बाकावरून उठल्या, गाठोडं बाकावर ठेवलं आणि भावाच्या गळ्यात हात टाकून सूर लावला. ठाण्यात दहाबारा माणसं. दारात वर्तमानपत्राचा एक बातमीदार. साहेबांना पाठीतला काटा टोचला असणार. त्यांनी बहिणीचे दोन्ही हात मनगटाला धरून गळ्यातून काढले आणि तांड्याची बोली सोडून मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, इथं नको. मी ठाण्यात आहे. नाव निघणार नाही.”

सूर जिथल्या तिथं थांबला. जमनाबाई म्हणाल्या, “बरं, साहेब.” आणि गेल्या. गाठोडं बाकावर राहिलं. कुणी म्हणेल ठाणेदाराने काही घेतलं, म्हणून साहेबांनी ते न उघडता शिपायाच्या हाती मागोमाग पाठवून दिलं.

बातमी छापून आली. सत्कार झाला. फ्रेम खिळ्यावर लागली. बादल चारित्र्य पडताळणीत अडकला आणि नोकरी गेली. पुढच्या प्रत्येक भरतीत अर्जावरच्या ‘गुन्हा दाखल आहे का’ या एका रकान्याशी येऊन तो थांबायचा. मग तो चाकणला गेला आणि एका कंपनीच्या फाटकावर गार्ड झाला. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, शिट्टी.

जमनाबाईंनी येणं तोडलं नाही. हे मला सगळ्यात जड वाटतं. त्या दिवाळीला यायच्या, राखीला यायच्या. ओवाळायच्या, अंजूला जवळ घ्यायच्या, संगीताताईंबरोबर शेंगा सोलत बसायच्या. फक्त दारात भाऊ दिसला की हात जोडून म्हणायच्या, “राम राम, साहेब.” गळ्यात हात नाही, सूर नाही. आधी ‘भिया’ म्हणायच्या, त्यांच्या बोलीत भाऊ; तो शब्दही नाही. पहिल्या वेळी साहेब तिथंच उभे राहिले होते, किंचित वाकून, जसं उभं राहायचं असतं तसे. जमनाबाई त्यांच्या बाजूने आत निघून गेल्या. संगीताताई एकदा मला म्हणाल्या, “भांडल्या असत्या त बरं झालं असतं व. शिव्या दिल्या असत्या. हे राम राम नाही पाहवत मले.”

खटला आठ वर्षांनी उभा राहिला. साहेब साक्षीला गेले. वकिलाने कोर्टात ती चित्रफीत थांबवून थांबवून दाखवली आणि विचारलं, “आरोपी क्रमांक एक काठी मारताना दिसतो की हिसकावताना?”

“हिसकावताना.”

“हे तुमच्या लक्षात केव्हा आलं?”

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

“त्याच दिवशी,” साहेब म्हणाले.

बादल सुटला. तोपर्यंत त्याला तेहतीस संपून चौतिसावं लागलं होतं, भरतीचं वय निघून गेलं होतं. त्या संध्याकाळी साहेबांनी फ्रेम काढली. मी पापड परत द्यायला गेले होते. फ्रेम हातात धरून ते बैठकीत उभे होते. म्हणाले, “वहिनी, मी कायद्यानं वागलो असं लोक म्हणते. कायद्यानं वागलो असतो त ह्या पोराले साक्षीदार केलं असतं. मी लोकाइले दाखवाले वागलो.” मी पापडाचा डबा ठेवला आणि आले.

त्यांना वाटलं होतं, आता खरं बोललो, आता बहीण येईल आणि गळ्यात पडेल. दुसऱ्याच दिवशी ते तांड्यावर गेले. जमनाबाईंनी खाट टाकली, चहा केला, “उन्हाचं आले, साहेब,” म्हणाल्या. पुढच्या वर्षी साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्या शेवटच्या रांगेत बसल्या, टाळ्या वाजवल्या, आणि बसची वेळ झाली म्हणून उठल्या. त्यानंतर साहेब दर महिन्याला तांड्यावर जायचे. जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे. आले की संगीताताई नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आणि काही न विचारता ताट करायच्या.

या वर्षी एप्रिलमध्ये अंजूचं लग्न झालं, दारव्हा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. बादल चाकणहून चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. मांडवापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे तोच. मामाला बघून त्याने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. “मामा, आमच्याकडे असा सलाम फक्त मालकाच्या गाडीले असते. तुमाले फुकट!” साहेब हसले, पण डोळे पुसायला वळले. बादलच्या मनात काही उरलं नव्हतं, किंवा त्याने कुठंतरी ठेवून दिलं होतं. म्हणाला, “चला, जेवून घ्या. तुमी जेवल्याशिवाय आई बसत नाही जेवाले. सकाळपासून तिनं मले तीनदा पाठवलं.” “पाठवणी होऊ दे,” साहेब म्हणाले.

दुपार कलल्यावर पाठवणी. अंजूने आईच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लागला. आजकालच्या मुली लाजतात, पण अंजू लाजली नाही. आई झाली, मावशा झाल्या, मग ती आत्याकडे वळली. जमनाबाईंनी तिला घट्ट धरलं. आणि त्या रडायला लागल्या.

मी असं रडणं याआधी ऐकलं नव्हतं. बाकीच्या बाया एकेक करून गप्प झाल्या. संगीताताई माझा हात धरून उभ्या होत्या. मला ती बोली पुरती कळत नाही म्हणून त्या सवयीने कानाशी सांगायला लागल्या.

जमनाबाई अंजूच्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणत होत्या : पोरी, तुझ्या बापाला मी कडेवर वागवला. नाल्याला पूर आला तर डोक्यावर घेतला. तो मोठा झाला, माझ्याच मुलखात ठाणेदार होऊन आला, मी तीन महिने वाट बघितली. मग होळीचं झालं. मला नायकानं सांगितलं, तुझा भाऊ तुझ्या लेकाचं नाव लिहितो आहे, जा, काढायला सांग. मी नाव काढायला नव्हते गेले गं. मी म्हटलं, बहिणीच्या लेकाचं नाव लिहिताना त्याच्या घशाखाली घास उतरला नसेल. मी भाकर घेऊन गेले होते, पोरी. उन्हात धावत गेले, गरम राहावी म्हणून.

गाठोडं! मी साहेबांकडे पाहिलं. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती, शब्द न् शब्द कळत होता. ओठ उघडे, हात शरीरापासून जरासे सुटलेले. भाकर, एवढंच ते पुटपुटले.

पुढे बरंच होतं. शिपायानं ते गाठोडं रस्त्यात परत दिलं, ते कसं तिथंच नाल्याकाठी बसून त्यांनी सोडलं आणि कुत्र्याला घातलं. बादल चाकणला गेला तो दिवस. नवरा गेला तो दिवस. दहा वर्षांतलं सगळं, एकेक, सुरात. ज्याला सांगायचं तो समोर उभा, आणि सांगणं त्याच्या लेकीच्या खांद्यावर.

मग सूर उतरला. अंजूला गाडीत बसवलं, वरात गेली. मांडवात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. बादल मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभा होता. जमनाबाई पदराने तोंड पुसत निघाल्या तेव्हा साहेब त्यांच्या वाटेत आले. काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले, किंचित वाकून.

आम्ही सगळ्या बाया बघत होतो.

जमनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हात उचलला, साहेबांच्या सदऱ्यावर अडकलेली अक्षत काढली आणि झटकली.

“सरलं रे, भिया,” त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. “पोरीपाशी सरलं सारं. आता काई उरलं नाही माह्यापाशी.”

रागाने नाही म्हणाल्या. दमलेल्या माणसाने म्हणावं तसं. मग बादलच्या खांद्याला धरून गाडीवर बसल्या. फाटकातून बाहेर पडताना ओरडून म्हणाल्या, “जेवून घेजो. तुह्यं पान झाकून ठेवलं हाय.”

साहेब आत गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर ताटावर ताट पालथं घालून ठेवलेलं होतं. त्यांनी ते उघडलं. पुऱ्या होत्या, भाजी होती, आणि एका कडेला, लग्नाच्या स्वयंपाकात नसलेली, फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची एक भाकर. घरून आणलेली. त्यांनी हात लावून पाहिला.

गार झाली होती.